सासूबाईंचं वाढतं सार

सोलपो, जांगहुंग
२७ फेब्रुवारी १९८५

ती. सौ. वन्सं यांस,
मीरानचा शि. सा. न. वि. वि.

घरी सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून आधी ते लिहून टाकते. सणाला तुम्ही आला नाहीत तेव्हा सोराने दिवसभर दार सोडलं नाही. बुसानच्या आत्या आल्या म्हणजे बिस्किटं आली, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. नव्या वर्षाचं तांदळाच्या चकत्यांचं सार केलं होतं. ते खाल्लं की माणूस एका वर्षाने मोठा होतो, म्हणून बाईसाहेबांनी दोन वाट्या चापल्या आणि आता मी दोन वर्षांनी मोठी झाले, मला शाळेत घाला, असा धोशा लावलाय. मामंजींनी मात्र एक चमचा तोंडात घेतला, बरोबर आहे म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

वन्सं, खरं म्हणजे हेच लिहायला बसले आहे. सासूबाई गेल्यापासून मामंजी जेवत नाहीत. भाताचे चार घास नुसत्या किमचीशी गिळतात आणि उठतात. साराची वाटी जशी नेली तशी परत येते. साराशिवाय भात म्हणजे वल्ह्याशिवाय होडी, असं म्हणणारा हा माणूस. मी विचारते, काही कमी पडलं का? तर बरोबर आहे. खारट झालं? बरोबर आहे. अळणी? बरोबर आहे. एकदा तरी वाटी आपटून माझ्या माहेरचा उद्धार केला असता तर मला बरं वाटलं असतं. परवा बांधावरून जाताना मध्येच खांबाला धरून उभे राहिले. सदरा अंगावर लोंबतो आहे.

त्यात माझ्या हातून एक भयंकर चूक झाली, ती तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा मीच सांगते. सासूबाईंच्या तसबिरीपुढे मी सकाळ-संध्याकाळ पान वाढते. त्यांचं पान अर्थातच उलटं, सार डाव्या हाताला. त्या दिवशी सोरा रडत होती, मी घाईत होते, आणि मामंजींचं पानही तसंच वाढून बसले. सार डावीकडे, भात उजवीकडे! शेजारच्या योंगामवाल्या काकू नेमक्या ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात मारला. जिवंत माणसापुढे मेलेल्याचं पान मांडलंस, म्हणून त्या ओरडल्या. मामंजींनी पानाकडे पाहिलं, दोन्ही वाट्या स्वतःच्या हाताने उचलून जागेवर ठेवल्या, आणि घाई कशाला करतेस सूनबाई, असं अगदी साध्या आवाजात म्हणाले. मी परसात जाऊन रडले.

काकूंनी गावभर सांगितलंय की सुनेचं सार म्हाताऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. तेव्हा वन्सं, मला एवढंच कळवा की सासूबाई सारात काय घालत होत्या? मी पाच वर्षं या घरात आहे, पण त्यांनी मला फक्त भाजी चिरू दिली, चूल फुंकू दिली. मिठाला आणि सोयासॉसला हात लावू दिला नाही. तुम्ही त्यांच्या पोटच्या. तुम्हाला माहीत असणारच.

भाऊजींच्या गुडघ्याला माझा नमस्कार सांगावा. तुमचा लोभ आमच्या रांजणातल्या सॉससारखा जुना होत जावा.

तुमची भावजय,
मीरान

ता. क. यांची वाळवंटातल्या कामावरून कॅसेट आली. त्यात अर्धा वेळ वाऱ्याचाच आवाज आहे. सोरा वाऱ्यालाच बाबा म्हणते.


बुसान
१६ मार्च १९८५

चि. सौ. मीरान हिस,
दोकनामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि एका बाईला मांदेलीऐवजी झिंगे बांधून दिले. ती परत येऊन भांडून गेली. तेव्हा यापुढे असली पत्रं लिहिशील तर पाकिटावर तसं लिहीत जा, म्हणजे मी घरी जाऊन वाचेन.

डाव्या-उजव्याचं मनावर घेऊ नकोस. योंगामवाल्या काकूंना चघळायला काही लागतंच. त्यांच्या स्वतःच्या लग्नात त्या सासऱ्याच्या वाटीत पाय देऊन पडल्या होत्या, याची त्यांना एकदा आठवण करून दे. तोंड बंद होईल.

आता सार. ऐक. आईची मांदेली डोकं मोडलेली असायची, नाहीतर कडू होतं. पाणी साधं नाही, तांदळाचं दुसरं धुवण. पहिलं धुवण फेकायचं. मुळा सुरीने चिरायचा नाही, हातात धरून तासायचा. मीठ शेवटी चिमूटभर, बाकी सगळं काम जुन्या रांजणातल्या सॉसचं. लसूण उतरवताना. तुम्ही जोंजूकडचे लोक लसूण आधी घालता, तिथेच तुमचं बिघडतं. दुकानातली चांगली मांदेली आणि एक वाळवलेला मासा बसने पाठवते आहे. मासा आधी लाटण्याने झोडप. कुणाचा राग असेल तो काढून घे.

आईच्या हाताला विलक्षण चव होती, यात शंका नाही. लग्नानंतर तुझे भाऊजी पहिल्यांदा सासुरवाडीला आले तेव्हा आईने त्यांना मेसेंगीचं सार वाढलं होतं. तुला माहीतच आहे ते हिरवं रेशमी शेवाळ. कितीही उकळतं असलं तरी वर वाफ म्हणून येत नाही. यांनी थंड समजून मोठा घोट घेतला. नावडत्या जावयाला मेसेंगी, ही म्हण यांना तोवर ठाऊक नव्हती. डोळ्यांतून पाणी आलं, पण सासूसमोर थुंकणार कसे? गिळलं. आणि बाबा, जे कधी हसायचे नाहीत, ते इतके हसले की ओटीवरून खाली उतरून गेले. त्या घरात सार म्हणजे काय होतं, ते तुला कळावं म्हणून सांगितलं.

आता एक कडू गोष्ट. सांगजुनला मी वाळवंटात लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. ताई म्हणेल तसं, असं लिहिलंय. मी म्हणते ते असं: पिकाच्या सणापर्यंत, म्हणजे चुसॉकपर्यंत वाट बघायची. तोवर बाबा जेवायला लागले तर उत्तम. नाहीतर मी येऊन त्यांना बुसानला घेऊन जाईन. तू घर बंद करून सोराला घेऊन इथे ये किंवा जोंजूला आईकडे जा, सांगजुन परत येईपर्यंत. रांजण योंगामवाल्या काकूंना देऊन टाकू. सहाव्या मजल्यावर बाबांना करमणार नाही, हे मला कळतं. समुद्र दिसेल, पण पायाला लागणार नाही. पण माणूस राहिला तर बाकीचं बघता येतं. माझी आई गेली. बाबाही तसेच हातातून निसटले तर मी कुणाकडे बघू?

तुझ्यावर माझा राग नाही. तू जे करते आहेस ते मी पोटची असून केलं नसतं. लोभ आहेच, तो पत्राच्या तिकिटाने मोजू नकोस.

तुझी वन्सं,
दोकनाम


सोलपो, जांगहुंग
१२ मे १९८५

ती. सौ. वन्सं यांस,
मीरानचा शि. सा. न. वि. वि.

मांदेली पोचली, मासा पोचला, तुमच्या शिव्याही पोचल्या. जोंजूच्या लसणाचं उत्तर मी भेटीत देईन.

तुम्ही लिहिलंत तसं अक्षरशः केलं. डोकी मोडली, मुळा तासला, दुसरं धुवण घेतलं. मी स्वतः चाखलं तेव्हा वन्सं, मला माझाच हेवा वाटला. मामंजींनी एक चमचा घेतला आणि तुम्ही ओळखलंच असेल काय म्हणाले ते. वसंतात बांधावरचा कोवळा रानदवणा खुडून तिसऱ्यांबरोबर केला. कालवांचं केलं. त्यांच्या वाढदिवसाला शेवाळाचं सार केलं, शेवाळ न मोडता, आख्खं भिजवून. त्या दिवशी सोराला मांडीवर घेऊन मात्र बोलले. म्हणाले, वाढदिवसाचं सार आपण खातो पण ते असतं आपल्या आईचं. तिने बाळंतपणात खाल्लेलं आपण दरवर्षी आठवून खायचं. सोराने विचारलं, मग आजीच्या वाढदिवसाला आजीला कोण करून द्यायचं? मामंजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, तीच करायची. आणि मी खायचो. त्यांचे डोळे भरले होते. मी पाठ फिरवून भांडी घासायला घेतली.

आता मला पडलेलं कोडं लिहिते. हसू नका.

योंगामवाल्या काकूंना तुम्ही सांगितलेल्या लग्नातल्या प्रकरणाची आठवण करून दिली, तेव्हापासून त्या माझ्याशी फार गोड वागतात. परवा रोपांना पाणी घालताना त्या सांगू लागल्या की तुझ्या सासूचं भांडं पुण्यवान होतं. सासूबाई त्यांना म्हणायच्या म्हणे की माझं सार वाढतं गं. पाच वाट्यांचं पाणी घालते, भाजी आणायला परसात जाऊन येते, तर सहा वाट्या झालेल्या असतात. काकू म्हणाल्या, त्या घरावर पूर्वजांची माया आहे, तुझ्या हाती आल्यावर ती आटली.

मला आधी राग आला. मग मी भाजी निवडत बसले आणि एकेक आठवायला लागलं. वन्सं, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं सार मी चुलीवरून चाखलं की चांगलं लागायचं आणि पानातही चांगलंच. पण शेवटची दोन-तीन वर्षं असं नव्हतं. कधी त्या चमचा पुढे करून मीठ बघ म्हणायच्या. मी तोंडात घ्यायची आणि डोळे पांढरे व्हायचे. समुद्र बरा! पण त्या इतक्या आशेने बघायच्या की मी छान आहे म्हणायची. नंतर तेच सार पानावर यायचं तेव्हा अगदी नेमकं. मला वाटायचं, माझ्याच जिभेला काहीतरी झालंय. कुणाला सांगणार? सुनेने सासूच्या साराला खारट म्हणायचं म्हणजे गाव सोडायची तयारी हवी.

आणखी एक. पहाटे मी किटली भरून चुलीच्या कडेला ठेवायची, जेवणानंतर भाताच्या खरवडीवर ओतून प्यायला. जेवणाच्या आधीच ती अर्धी झालेली असायची. मी सोराला दोन-तीनदा बोललेही त्यावरून. पोरगी तेव्हा किटलीपर्यंत पोचतही नव्हती.

आता किटली सकाळी भरते तशीच भरलेली राहते.

हे सगळं एकाच गोष्टीचं टोक आहे असं मला वाटतं, पण गाठ सापडत नाही. तुम्हाला काही आठवतंय का? मोठ्यांचा लोभ आणि लहानांची खोडी, दोन्ही चालू राहू द्या.

तुमची,
मीरान


बुसान
९ जुलै १९८५

चि. सौ. मीरान हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. पावसाने मासे वाळत नाहीत आणि तुझ्या पत्राने माझं डोकं.

प्रथम बाबांची बातमी. तू लिहिलं नाहीस तरी गावची बस आहे ना. काकूंच्या भाच्याने येऊन सांगितलं की बाबा जाळी विणताना बसल्या जागी पेंगतात आणि त्यांना उठवायला दोन हाका माराव्या लागतात. मी रडले आणि मग उठून बाजारात गेले. त्यांच्यासाठी जाड रजई घेतली, निळी. खिडकी बंदराकडची आहे ती खोली रिकामी केली. हे लिहायला मला चांगलं वाटत नाही. पण चुसॉकच्या आधीच्या रविवारी मी येते, असं धरून चाल.

आता तुझं कोडं. तू विचारलंस म्हणून मी मागे मागे गेले आणि मला काही गोष्टी आठवल्या, ज्या मी तेव्हा हसण्यावारी नेल्या होत्या. आईला त्या हिवाळ्यात मोठा ताप आला होता, आठवतं? तू सोराच्या वेळी माहेरी होतीस बहुतेक. त्यातून ती उठली. नंतर मी तिला तिळाच्या तेलाची बाटली नेली होती. घरी आल्यावर तिच्याबरोबरची दुसरी बाटली मी उघडली तर खवट! मी घाबरून कळवलं की वापरू नकोस. ती म्हणाली, अगं, किती सुंदर वास आहे, मी संपवत आणली. मला वाटलं, लेकीचं मन राखते आहे. आणि मागच्या चुसॉकला भात करपला होता, धूर ओटीपर्यंत आला होता, आणि ती भांड्याशेजारी बसून बोलत होती. बाबाच ओरडले होते.

मीरान, आईची जीभ गेली होती. नाकही. तिने कुणाला सांगितलं नाही. मीठ बघ असं तुला का म्हणायची, ते आता कळतं. माझी आई, जिच्या मिठाची गावात शपथ घ्यायचे, ती तीन वर्षं अंदाजाने स्वयंपाक करत होती आणि मला बुसानला बसून पत्ता नव्हता.

मग ते पानावर नेमकं कसं यायचं? तुझ्या मनात काय आहे ते मला दिसतंय, पण ते शक्य नाही. बाबा? स्वयंपाकघरात? आमची आजी सांगायची की पुरुषाने चुलीपाशी पाय ठेवला तर त्याची मिरची गळून पडते. कुठली मिरची ते तू समजून घे. बाबांनी ते इतकं खरं धरलं होतं की तहान लागली तर उंबऱ्याबाहेर उभं राहून घसा खाकरायचे. आई बाळंतीण असताना शेजारणीला बोलावलं, पण स्वतः आत गेले नाहीत. असा माणूस पहाटे उठून किटली घेऊन... नाही गं. काहीतरी दुसरं असेल.

पावसामागून कडक उकाडा येईल. उकाड्याच्या दिवसांत खायच्या कोंबडीच्या सारासाठी जिनसेंगची मुळं पाठवते आहे. निदान ते तरी त्यांच्या पोटात जावो. तुझं तूही खा. लोभ सांभाळ आणि स्वतःलाही.

तुझी,
दोकनाम


सोलपो, जांगहुंग
१४ सप्टेंबर १९८५

ती. सौ. वन्सं यांस,
मीरानचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दुकानात वाचू नका. घरी जा, भाऊजींना बाहेर पाठवा आणि मग वाचा.

तुमच्या जिनसेंगची कोंबडी केली होती. मामंजींनी तंगडी काढून सोराच्या वाटीत टाकली, रस चाखला, बरोबर आहे म्हणाले. त्या दिवशी मात्र वन्सं, माझा संताप झाला. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, बरोबर आहे! मला तुमचं बरोबर नको आहे. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके महिने मी नेमकं सार वाढत होते. नेमक्या साराला त्यांनी करायचं काय? त्यात त्यांना काही कामच उरलं नव्हतं.

तुम्ही शक्य नाही म्हणालात, तरी मी करून पाहायचं ठरवलं. भीतीही वाटत होती. आधीच अंगात ताकद नाही, त्यात मी मीठ चारलं आणि काही झालं तर तुम्हाला तोंड काय दाखवणार? पण तुमचा रविवार जवळ येत होता.

परवा सकाळी साधं मुळ्याचं सार केलं. सासूबाईंसारखं. नंतर जुन्या रांजणातला सॉस ओतला आणि डोळे मिटून वर आणखी मिठाची मूठ टाकली. चाखलं तर तीच चव, जी मी छान आहे म्हणून गिळायची. चुलीपाशी जणू त्याच उभ्या होत्या. किटली उकळून कडेला ठेवली. मामंजींचं पान वाढलं, सार उजवीकडे आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि परसात मिरच्या वाळत घातल्यात त्या उलटून येते म्हणाले. गेले ती रांजणांच्या ओट्यामागे. तिथून भिंतीच्या फटीतून ओटी आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही दिसतं.

त्यांनी चमचा तोंडात घातला आणि थांबले. मला वाटलं, आता थुंकतील. त्यांनी गिळलं. वाटीत पाहत राहिले. मग दाराकडे पाहिलं, परसाकडे पाहिलं, आणि उठले, वन्सं. वाटी हातात घेऊन. उंबऱ्यापाशी ते थबकले नाहीत की त्यांनी घसा खाकरला नाही. रोजची वाट असल्यासारखे आत उतरले. वाटीतलं सार परत भांड्यात ओतलं. किटली उचलली, ओतली. पळीने ढवळलं, चाखलं. पुन्हा थोडं ओतलं. फडताळाच्या वरच्या खणातून, जिथे काय आहे हे मलाही शोधावं लागतं, तिथून न बघता कांद्याच्या पातीचा डबा काढून चिमूटभर वर टाकली. भांड्याची कड फडक्याने पुसली, पाण्याची खूण राहू नये म्हणून. किटली होती त्याच जागी, होती त्याच बाजूला तोंड करून ठेवली. मग वाटी भरून घेऊन बाहेर आले आणि पानावर बसले.

आणि जेवले. सारात भात कालवून, वाटी तोंडाला लावून, आवाज करत जेवले. मी रांजणाला टेकून तोंडात फडकं कोंबलं होतं.

मी मिरच्यांचे हात झटकत आले तेव्हा वाटी रिकामी होती. मी विचारलं, सार कसं झालं? तर या वेळी ते बरोबर आहे म्हणाले नाहीत. म्हणाले, बरं आहे, उद्या पण कर. मग दुपारी, पुन्हा थोडी भूक लागली आहे, उरलेलं आहे का, असं विचारलं. भांड्यात पाहिलं तर वन्सं, मी चार वाट्या केलं होतं आणि त्यांची जाऊन अजून चार शिल्लक होत्या. सासूबाई म्हणायच्या तसं वाढलं होतं.

गेले तीन दिवस मी रोज खारट करते आणि रोज मिरच्या उलटायला जाते. मिरच्या आता कधीच्या वाळल्या आहेत. काल ते बांधावर न थांबता चालत गेले.

आता तुम्ही ठरवा. फक्त एक मागणं आहे. मी मुद्दाम करते हे मामंजींना कधी कळू देऊ नका. त्यांना माझा हात वाईट आहे असं वाटू दे. योंगामवाल्या काकूंनाही तसंच वाटू दे. तुमच्या मायेची पळी माझ्या वाटीत अशीच पडत राहावी.

तुमची,
मीरान


बुसान
१९ सप्टेंबर १९८५

ती. बाबांस,
दोकनामचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व मजेत. जावयांचा गुडघा पाऊस आला की बोलतो, एरवी गप्प असतो.

बाबा, मी फिरवून लिहिणार नाही, तुम्हाला ते आवडत नाही. तुम्ही जेवत नाही असं ऐकलं होतं म्हणून तुम्हाला इकडे न्यायचं मी मनात धरलं होतं. खोली तयार आहे. निळी रजई घेतली आहे. इथे माझ्या हातचं सार मिळेल, ते चांगलं असतं असं गिऱ्हाइकंसुद्धा म्हणतात. मीरान कामाची पोर आहे, पण तिच्या हाताला अजून वळण नाही असं काकूंकडून कळतं. तेव्हा रविवारचं येणं मी पुढे ढकलते; तुम्हाला घेऊन जायला येऊ की नुसती सणाला येऊ, हे तुमच्या हाताने दोन ओळी लिहून कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

लेकीवरची माया, आहे तिथून वाढू नये पण कमीही होऊ नये.

तुमची,
दोकनाम


सोलपो
२३ सप्टेंबर

चि. दोकनाम हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी येऊ शकत नाही. रजई जावयांना दे, गुडघ्यावर घेतील.

कारण लिहितो, ते तुझ्यापाशीच ठेव. सूनबाईचा हात मिठाला फार सढळ झाला आहे. वसंतात बरा होता, आता अगदी तुझ्या आईच्या शेवटच्या दिवसांसारखा. पोर एकटी आहे, नवरा वाळूत, मन थाऱ्यावर राहत नसेल. तोंडावर सांगितलं तर ती रडेल, आणि गावात काकू बसल्याच आहेत. मी सकाळी थोडं पाणी घालतो. ती त्या वेळी मिरच्या उलटायला परसात असते, त्यामुळे अडचण येत नाही. मी तिकडे आलो तर इथे हे कोण करील? सोरा ते खाऊन आजारी पडेल.

तिला कळू देऊ नकोस. तुझ्या आईलाही मी कळू दिलं नव्हतं. तिला कळलं होतं की काय, असं कधी कधी वाटतं. रोज त्याच वेळी भाजी आणायला परसात जायची आणि बराच वेळ यायची नाही. आता विचारता येत नाही.

सणाला ये. अळकुडीचं सार आहे. पानात वाढलेलं खा, भांड्यातलं चाखू नकोस. आईच्या पानाचं सार मी वेगळं बघून ठेवीन.

सार खारट असतं. मी बरा आहे.

तुझे बाबा